भोंग्याची ‘सूं’ आणि पहिला ट्रान्झिस्टर

ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून ‘दहा लिटर पाण्यात पंधरा मिली’ असं सांगितलं आणि वस्तीवर ते ‘पन्नास मिली’ ऐकू गेलं, तर काय होईल हे आपल्याला सांगायला नको. पीकही जळेल आणि औषधाचे पैसेही जातील. कितीतरी गावांत अजून कुणा हौशी पोरानं किंवा तालुक्याच्या कारागिरानं जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर चालतो. त्यातली सततची ‘सूं’ बोलण्यावर चढते नि स, श, च ही अक्षरं गिळून टाकते.

आधी दोष कुठे आहे ते पाहा. माईकचं व्हॉल्यूम पूर्ण खाली करा. ‘सूं’ गेली तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे आहे. आता माईक काढून इनपुट शॉर्ट करा नि व्हॉल्यूम वाढवा. तरीही जोराची ‘सूं’ आली, तर संशय पहिल्या ट्रान्झिस्टरवर, नाहीतर त्याच्या रेझिस्टरवर. (जाड ‘घूं’ येत असेल तर तो रोग निराळा. तिथे फिल्टर कपॅसिटर आणि माईकच्या वायरीची जाळी बघावी.) पाट उगमालाच गढूळ झाला, की शेवटच्या वाफ्यापर्यंत गढूळच पाणी जातं. पहिल्या ट्रान्झिस्टरची खरखर पुढचे सगळे ट्रान्झिस्टर वाढवतच नेतात.

जुन्या जोडणीत बीसी १४८ असतो. त्याच्या जागी कमी खरखरीचा बीसी ५४९ चालतो, पण तो ३० व्होल्टपर्यंतच. सप्लाय त्याहून जास्त असेल तर ४५ व्होल्टचा बीसी ५४७ घ्यावा. बीसी १४८ च्या पायांची रचना वेगळी असते. ५४७ किंवा ५४९ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो.

नंबरापुढचं अक्षरही वाचा. ‘बी’चा गेन २०० ते ४५०, ‘सी’चा ४२० ते ८००. दुकानदार ‘सी’ पुढे करतो, जोरदार म्हणून. जास्त जोर म्हणजे जास्त चांगलं हा हिशेब युरियात चुकतो, तसाच इथेही. साध्या बायसच्या सर्किटमध्ये ‘सी’ घातला की कलेक्टरचं व्होल्टेज खाली बसतं आणि आवाज फाटतो. म्हणून जुना काढण्यापूर्वी कलेक्टरचं व्होल्टेज मीटरनं मोजून लिहून ठेवा. नवा बसवल्यावर ते साधारण तेवढंच आलं पाहिजे.

सोल्डर करताना वीज बंद, प्लग बाहेर. तरीही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, तो उतरल्याची खात्री मीटरनं करून मगच हात घाला. प्लस-मायनस सप्लायच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पुढे दोन ट्रान्झिस्टरची जोडी असते. ते दोन्ही एकाच नंबराचे, एकाच अक्षराचे, एकदमच बदलावेत. स्पीकर जोडण्यापूर्वी आउटपुटला डीसी व्होल्टेज मोजावं. दोन-चार व्होल्ट दिसले तर स्पीकर लावूच नका, कॉइल जळेल.

काढलेला ट्रान्झिस्टर फेकू नये. तारीख आणि मोजलेलं व्होल्टेज चिठ्ठीवर लिहून पेटीतच चिकटवावा, पुढच्या कारागिराला उपयोगी पडतो.