जोतिबाचा डोंगर ज्वालामुखी आहे का?

कोल्हापूरच्या सपाटीवरून वायव्येला पाहिलं की जोतिबाचा डोंगर शेंडा छाटलेल्या शंकूसारखा दिसतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्वालामुखीचं चित्र नुकतंच पाहिलेलं पोर 'हा ज्वालामुखीच!' म्हणालं, तर त्याला हसू नये. आकार तसाच आहे आणि दगडही खरोखर लाव्हारसाचाच आहे. चुकतो तो फक्त निष्कर्ष.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन लांबच लांब भेगांनी फाटली. शंकूच्या तोंडातून उसळण्याऐवजी लाव्हा या भेगांतून वर आला आणि दूरवर पसरत गेला. तो थिजला की काही काळ शांतता, मग पुन्हा नवा लोंढा. तव्यावरची धिरडी एकावर एक रचावीत, तसे थर साचत गेले. आजही हा दगड सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. मधल्या शांततेत थराच्या पृष्ठभागाची माती व्हायची आणि पुढचा लोंढा ती भाजून काढायचा. सह्याद्रीच्या घाटांत रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या दगडांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, तो त्यातलाच.

मग डोंगर कुठून आला? तो वर आलाच नाही, आजूबाजूचं गेलं. उत्तरेकडे वारणा, दक्षिणेकडे कासारी आणि पुढे पंचगंगा, यांनी लाखो पावसाळे हे थर कोरून वाहून नेले. मधे जे टिकलं ते पन्हाळा आणि जोतिबा.

डोंगरावरची देवळंही याच काळ्या बेसाल्टची. जोतिबाचं, म्हणजेच केदारलिंगाचं, आजचं मंदिर १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधलं. चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात, 'चांगभलं'चा गजर होतो, गुलालखोबऱ्याची उधळण होते. पुढे पायऱ्या धुतल्या तरी दगडाच्या बारीक खळग्यांत गुलाल राहतोच. घडवलेल्या चिऱ्यांवरचे बरेचसे खळगे टाकीचे असतात. सह्याद्रीतल्या न घडवलेल्या दगडात मात्र वाटाण्याएवढी गोल भोकं दिसली, तर ती थिजणाऱ्या लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. काहींत पुढे पाण्यातल्या क्षारांचे पांढरे स्फटिक भरले. लोक त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात.

हा लाव्हा का थांबला, याचं उत्तर भूपट्टांत आहे. पृथ्वीचं कवच अनेक तुकड्यांचं आहे आणि ते सरकत असतात. त्या काळी भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आज जिथे रियुनियन बेट आहे त्या भागातल्या तप्त स्थानावर होता, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. तिथून आपण ईशान्येकडे सरकलो, आशियाला धडकलो, हिमालय उचलला गेला. आजही वेग वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर आहे. रियुनियनचा ज्वालामुखी अजून लाव्हा ओकतो. आपण त्याच्यापासून हजारो किलोमीटर दूर आलो.

ज्वालामुखी नाही, पण हादरे आहेत. बहुतेक मोठे भूकंप भूपट्टांच्या कडांवर होतात. महाराष्ट्र मात्र पट्टाच्या पोटात, म्हणून दख्खनची भूमी अढळ, अशी समजूत होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ती मोडली. जोतिबापासून सरळ रेषेत सुमारे ८० किलोमीटरवर कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. गाव झोपेत होतं. पुढे ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत भूकंप झाला, तेव्हाही पहाटच होती. तिथे दहा हजारांच्या आसपास बळी गेले.

कोयनेत धरणाचं पाणी साठू लागल्यावर हादरे वाढल्याचं दिसलं होतं. लाव्ह्याच्या थरांखालच्या ग्रॅनाइटमध्ये जुन्या भेगा आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजू ताणाखाली घट्ट दाबून बसलेल्या असतात. पाणी खोल झिरपलं की भेगांतला दाब वाढतो, घर्षण कमी पडतं आणि अडकलेला खडक सटकतो. म्हणजे ताण मुळातच होता, पाण्याने फक्त निमित्त पुरवलं. 'धरणामुळे भूकंप झाला' या एका वाक्यात हा फरक हरवतो, म्हणून मुलांना तो नीट सांगावा.

हे प्रत्यक्ष तपासायला कराडच्या संशोधन केंद्राने कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. २०१७ मध्ये ते पूर्ण झालं. त्याआधी, १९८५ पासून, दक्षिणेला चांदोलीत वारणा धरणाचं पाणी साठू लागलं होतं आणि १९९३ नंतर तिथेही हादऱ्यांची मालिका सुरू झाली. जोतिबापासून ते धरण सरळ रेषेत जेमतेम ५० किलोमीटरवर आहे.