व्हाइस सिटी ते मुंबई गल्लीज

‘पँझर’ एवढी सहा अक्षरं रोमन लिपीत टाइप केली की आकाशातून रणगाडा धाडकन रस्त्यावर! नागपूरच्या सायबर कॅफेंत तासावर पैसे भरून बसलेल्या एका पिढीला व्हिडिओ गेममधली ही चीट आजही तोंडपाठ आहे.

तो गेम म्हणजे ‘जीटीए : व्हाइस सिटी’. तो 2002 मध्ये आला, पीसीवर 2003 मध्ये. मायामीवर बेतलेलं शहर, 1986 चा काळ, नायक टॉमी व्हर्सेटीला आवाज हॉलिवूडच्या रे लिओटाचा. खरी गंमत मात्र मिशन सोडून भटकण्यात. गुन्हे वाढले की पोलीस किती मागे लागलेत हे दाखवणाऱ्या पडद्यावरच्या चांदण्या वाढतात. सहावी चांदणी लागली की थेट लष्कर मागे लागतं. अशा वेळी गाडी गॅरेजमध्ये घालायची, नवा रंग मारून बाहेर पडायचं, की पोलीस गंडलेच.

पण ते शहर परकं होतं. 2018 च्या ‘हिटमॅन 2’ या गेममध्ये मुंबई दिसली, तीही डेन्मार्कच्या स्टुडिओच्या नजरेतून.

म्हणूनच ‘मुंबई गल्लीज’ची उत्सुकता मोठी. निखिल मालणकर यांच्या मुंबईतल्या गेमईऑन स्टुडिओजने हा ओपन-वर्ल्ड गेम 2020 मध्ये जाहीर केला. आपल्या चाळी-झोपडपट्ट्यांतून मोकळं फिरायला मिळणं, हे स्वप्न फार जुनं आहे. आता त्यात एखादा विदर्भातला गडी दिसला, तर नागपूरकर शिट्ट्याच मारतील!