गादी, उशी आणि दुलई यांची निगा



दुलई ऊब देते असे आपण म्हणतो. वस्तुतः दुलईपाशी स्वतःची ऊब मुळीच नसते. तिच्या तंतूंत कोंडलेली हवा आपल्याच देहाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. कापूस असो, सावर असो की हंसबदकांची पिसे असोत, तत्त्व एकच. म्हणून अंथरुणाची निगा राखणे म्हणजे त्यातील हवा राखणे होय. दाब, घाम आणि दमटपणा हे या हवेचे तीन वैरी.

प्रथम कापसाची गादी घेऊ. कापूस नेहमीच्या हवेतही आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा धरून असतो. त्यात रोजच्या घामाची भर पडते, वर देहाचा भार असतो. त्यामुळे तंतू चिकटून गाठी होतात. अशी गादी टाकाऊ ठरवून फेकू नये. ती उसवून कापूस पुन्हा पिंजून घ्यावा. पूर्वी पिंजारी धनुकलीच्या तातीचा नाद करीत दारोदार हिंडत असे. आता बहुधा यंत्रावर पिंजून मिळते. कापूस तोच राहतो, गादी मात्र नवी होते.

सावरीची गोष्ट वेगळी. तिचा तंतू गुळगुळीत पण ठिसूळ असतो. पिंजला तर त्याचा भुगा होतो. तेव्हा सावरीची उशी धुऊ नये व पिंजूही नये. तिला ऊन दाखवावे आणि हलक्या हाताने थोपटावी.

पिसांच्या दुलया आता शहरांतील घरांतही दिसू लागल्या आहेत. त्या लोकरीसाठीच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवाव्यात, साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळाव्यात, पिळू मात्र नयेत. तीव्र क्षाराने पिसांवरील नैसर्गिक तेल निघून जाते व ती कडक होतात. वाळत घातल्यावर गोळे हाताने वारंवार मोकळे करावेत. आत ओल राहिली तर दुर्गंधी ठरलेलीच. ठेवताना दाबून प्लास्टिकमध्ये न कोंडता सुती खोळीत सैल ठेवावे.

हा सारा खटाटोप कशासाठी? अंथरुणात डोळ्यांना न दिसणारे धूलिकीटक असतात. आपल्या त्वचेचा कोंडा हे त्यांचे अन्न. पाणी ते हवेतील दमटपणातून शोषून घेतात. त्यांच्या विष्ठेने कित्येकांचा दमा बळावतो. घरातील मूल रात्री खोकत असेल तर औषधाबरोबर त्याच्या उशीकडेही पाहावे. अभ्रे, चादरी दर आठवड्यास धुवाव्यात. पाणी ६० अंश उष्ण असल्यास कीटक मरतात. नुसत्या उन्हाने सारे कीटक मरत नाहीत, पण अंथरूण कोरडे झाले की त्यांची वाढ खुंटते.

या बाबतीत आम्ही सोलापूरकर भाग्यवान. येथील कोरडे, कडक ऊन फुकट मिळते. मृग लागण्यापूर्वी एकदा व भाद्रपदातील पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास एकदा, गाद्या दिवसभर उन्हात घालून दोन्ही बाजूंनी उलटाव्यात. जुळे सोलापुरातील सदनिकांना स्वतंत्र अंगण नसते. तेथे शेजाऱ्यांनी सामाईक गच्चीवर पाळ्या लावून घ्याव्यात. गादीवर आपली सोलापुरी चादर घालावी. ती धुण्यास सोपी आणि गादीस घामापासून जपणारी.

गादी आपण फार तर एकदा विकत घेतो. तिची निगा मात्र वर्षानुवर्षे राखावी लागते. तेवढी राखली तर झोप, आरोग्य आणि पैसा, तिन्ही वाचतात.