बारावीचा दिवस किती तासांचा?

रत्नागिरी जिल्ह्यात बारावीच्या मुलाला सर्वांत जास्त सल्ले मिळतात ते गणपतीत. मुंबईहून आलेले काका-मामा आरती आटोपली की विचारतात, "मग, किती तास अभ्यास करतोस?" उत्तर काहीही आलं तरी ते कमीच ठरतं. 'आमच्या शेजारचा बारा तास बसायचा' हे पुढचं वाक्य ठरलेलं. हे सल्ले आपुलकीचे असतात, पण बरेचसे ऐकीव. नेहमी कानावर पडणारे काही तपासून पाहू.

गैरसमज : कोकण बोर्ड सोपं, म्हणून निकाल मोठा.

वस्तुस्थिती : रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पूर्वी कोल्हापूर विभागात होते. कोकण विभागीय मंडळ वेगळं झालं आणि २०१२ च्या परीक्षेपासून बारावीच्या निकालात हा विभाग राज्यात पुढे राहिला. २०२३ मध्ये कोकणचा निकाल ९६.०१ टक्के, राज्याचा ९१.२५; २०२४ मध्ये ९७.५१ आणि ९३.३७; २०२५ मध्ये ९६.७४ आणि ९१.८८. पण अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका राज्य मंडळाच्या, म्हणजे चांद्यापासून बांद्यापर्यंत एकच. रत्नागिरीसाठी वेगळा, सोपा पेपर निघत नाही.

दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. कोकणातून परीक्षेला बसणारे साधारण पंचवीस हजार, तर मुंबई विभागातून तीन लाखांवर. शिवाय हा आकडा उत्तीर्णांचा आहे. शंभरातले शहाण्णव जण किमान ३५ गुणांची रेषा ओलांडून गेले, एवढंच तो सांगतो. 'आपला विभाग पहिला' म्हणून आपलं मूल सीईटी या प्रवेश परीक्षेतही पुढे असेल, असं त्यातून निघत नाही.

गैरसमज : बारावीला रोज दहा-बारा तास अभ्यास हवाच.

वस्तुस्थिती : आधी हिशेब मांडू. पावस, पाली किंवा जाकादेवीकडून रत्नागिरीला येणारी मुलगी घ्या. कॉलेज सहा तास. एसटीची वाट पाहणं आणि जाऊन-येऊन प्रवास, दोन तास. क्लास दोन तास. आंघोळ, जेवण, घरातली कामं, दोन तास. झोप आठ तास. झाले वीस. उरले चार.

म्हणजे बारा तास 'बसणारा' मुलगा एकतर कॉलेज-क्लासचे तास त्यात धरतो, किंवा झोप तोडतो, किंवा कॉलेजला जातच नाही. स्वतःच्या अभ्यासाला कामाच्या दिवशी तीन-चार तास आणि सुट्टीच्या दिवशी त्याहून थोडे जास्त, एवढंच खरं भांडवल. ते कसं वापरायचं हा प्रश्न आहे. रत्नागिरीच्या रहाटाघर एसटी स्थानकात गाडीची वाट पाहताना वीस मिनिटांत सूत्रं मनात आठवून होतात. डेरिव्हेशन मात्र घरी, टेबलावरच.

गैरसमज : पहाटे चारला उठल्याशिवाय पाठ होत नाही.

वस्तुस्थिती : पहाटेची शांतता चांगली, यात वाद नाही. पण रात्री साडेअकराला झोपून चारला उठणं म्हणजे साडेचार तासांची झोप. अमेरिकेतल्या झोपविषयक वैद्यकीय अकादमीने २०१६ मध्ये १३ ते १८ वयासाठी रोज आठ ते दहा तास झोपेची शिफारस केली. या वयात शरीराचं घड्याळही थोडं पुढे सरकतं, त्यामुळे मुलांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी डोळा उघडत नाही. त्यात सगळाच आळस नसतो.

दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं. ज्याला साडेसात-आठला झोप लागते त्याने चारला खुशाल उठावं. बाकीच्यांनी झोपेचे तास आधी ठरवावेत, गजर मग लावावा.

गैरसमज : धडा चार वेळा वाचला की झाला.

वस्तुस्थिती : इथे सर्वाधिक वेळ वाया जातो. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि 'येतंय' असा भास होतो. परीक्षेत मात्र समोर पुस्तक नसतं.

रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला. काहींनी वाचून झाल्यावर तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं : आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. पुढे २०१३ मध्ये डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. स्वतःची चाचणी घेणं आणि अंतराअंतराने उजळणी करणं या दोन सर्वांत उपयोगी ठरल्या. ओळींवर रंगीत पेन फिरवणं आणि नुसतं पुनर्वाचन तळाला गेलं.

म्हणून धडा एकदा नीट समजून घ्यावा, पुस्तक मिटावं, कोऱ्या कागदावर लिहावा, मग चुका पाहाव्यात. दोन दिवसांनी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. गणपतीचे पाच दिवस वही मिटली म्हणून शिकलेलं समुद्राला मिळत नाही. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी आठवून लिहून पाहावं. काय सुटलं ते लगेच कळतं.

गैरसमज : दहावीने दमलोय, अकरावी विश्रांतीची.

वस्तुस्थिती : एमएचटी-सीईटीत अकरावीचा वाटा साधारण २० टक्के, म्हणजे २०० पैकी ४० गुण. नीट आणि जेईईला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. अकरावीतलं गतीचं प्रकरण कच्चं राहिलं तर बारावीत परिवलन गती समजायला जड जाते. अकरावीला रोज दोन तास नियमित दिले तर बारावीला रात्री जागवाव्या लागत नाहीत.

गैरसमज : प्रवेश सीईटीवर होतो, मग कॉलेज आणि बोर्ड कशाला?

वस्तुस्थिती : अर्धं खरं आहे. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. पण दारातून आत जायला बोर्डाचे गुण लागतात : राज्यात अभियांत्रिकीसाठी खुल्या गटाला संबंधित विषयांत ४५ टक्के, वैद्यकीयसाठी भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून ५० टक्के. एनआयटी-आयआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान. राखीव गटांना या अटींत सवलत आहे. परीक्षेला बसायचं तर मंडळाच्या नियमाप्रमाणे ७५ टक्के हजेरी हवी. भौतिक, रसायन, जीवशास्त्राच्या शंभरातले तीस गुण प्रॅक्टिकलचे; ते जर्नल आणि प्रयोगशाळेतूनच येतात.

दापोली तालुक्यातल्या मुरुडहून धोंडो केशव कर्वे सह्याद्री ओलांडून परीक्षेसाठी साताऱ्याला पायी गेले, ही गोष्ट इथे प्रत्येक मुलाला जिद्दीचा धडा म्हणून सांगतात. तिचा शेवट मात्र सांगायचा राहतो : वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. कष्टांइतकीच पात्रतेची अट मोठी असते. ती वर्षाच्या सुरुवातीला वाचावी.

गैरसमज : कोटा-पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही.

वस्तुस्थिती : नीटचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या पुस्तकांना धरून असतो, आणि ती पुस्तकं रत्नागिरीतही तीच आहेत. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंग क्लाससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग नकोत, शाळा-कॉलेजच्या वेळेत वर्ग नकोत, आठवड्याची सुट्टी हवी. क्लास निवडताना पालकांनी या चार गोष्टी विचाराव्यात. बाहेर जाऊन काहींना फायदा होतोही. पण नवं गाव, मेस, एकटेपणा यांचाही ताण पडतो. तो हिशेबात धरूनच ठरवावं.

गैरसमज : सायन्स नाही म्हणजे अभ्यास नाही.

वस्तुस्थिती : सीएचा फाउंडेशन टप्पा बारावीनंतर लगेच देता येतो, पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमालाही सीईटी आहे. हिशेब शास्त्राची उदाहरणं रोज सोडवल्याशिवाय बसत नाहीत. कॉमर्स-आर्ट्सच्या मुलांना 'तुला काय, मजा आहे' म्हणणं थांबवावं.

गैरसमज : एक विषय गेला की वर्ष गेलं.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेत राहिलेल्यांसाठी मंडळ त्याच वर्षी पुरवणी परीक्षा घेतं; २०२५ मध्ये ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाली. गुण वाढवायचे असतील तर श्रेणीसुधार योजनाही आहे. मूल गप्प झालं, जेवेना, झोपेना, तर अभ्यासाचं बाजूला ठेवून आधी बोलावं. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. पालकांनी, आणि गणपतीत येणाऱ्या काका-मामांनीही, फक्त प्रश्न बदलावा. 'किती तास बसलास?' याचं उत्तर मुलं सहज फुगवून देतात. 'आज पुस्तक मिटून काय लिहून दाखवशील?' याला तसं उत्तर देता येत नाही. आणि ते लिहून झालं की मुलाला वेळेवर झोपू द्यावं.