गावाकडच्या सेव्हिंग खात्याचं काय करायचं?

या आठवड्यात सगळ्यात जास्त व्हॉइस नोट एकाच प्रश्नावर आल्या. "दादा, जर्मनीत नोकरी लागली, पहिला पगार झाला. एज्युकेशन लोनचा हप्ता सुरू होतोय. कॉलेजात काढलेलं सेव्हिंग खातं आहेच की, त्यातच पैसे टाकू ना?"

नको. का नको, ते आज बघू.

नोकरीसाठी देश सोडलात की फेमा कायद्याच्या हिशोबाने तुम्ही अनिवासी झालात. ते १८२ दिवस वगैरे इन्कम टॅक्सचं गणित, ते वेगळं. गोंधळ तिथेच होतो. शिकायला गेलेल्यांनाही रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासीच धरते. आणि अनिवासी माणसाला साधं सेव्हिंग खातं चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवायचं, ते एनआरओ करून घ्यायचं आणि शेजारी एक एनआरई उघडायचं.

दोन्ही खाती रुपयांतलीच. मग दोन कशाला? कारण पैसा परत बाहेर न्यायचा म्हटलं की दोघांचे नियम वेगळे आहेत.

एनआरईत परदेशातली कमाई जाते. त्यावरच्या व्याजाला भारतात टॅक्स नाही आणि उद्या म्युनिकमध्ये घराचं डिपॉझिट भरायला तो पैसा लागला, तर व्याजासकट परत नेता येतो. एनआरओ हे भारतातल्या कमाईचं खातं: फ्लॅटचं भाडं, डिव्हिडंड, आजीने दिलेले रुपये. याच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस, वर सेस. बाहेर न्यायचं तर टॅक्स भरल्याचे कागद, बहुतेक वेळा सीएचा दाखला, आणि एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरची मर्यादा. (एवढे असतील तर मलाच फोन करा.)

आता खरी गंमत. एनआरईतून एनआरओत पैसे टाकणं सोपं आहे. उलटं करायला गेलात की वरची सगळी कागदपत्रं आली. म्हणून पगारातला पैसा आधी एनआरईतच उतरवा. भारतातला खर्च, लोनचा हप्ता, सगळं तिथूनही भरता येतं.

हप्त्याचं मात्र नीट ऐका. जुनं खातं एनआरओ करताना काही बँका नंबर तोच ठेवतात, काही नवा देतात. नंबर बदलला आणि ऑटो डेबिट जुन्याच खात्यावर राहिलं, तर हप्ता बाउन्स होतो. फटका तुमच्या एकट्याच्या सिबिलला बसत नाही. एज्युकेशन लोनमध्ये बहुतेक वेळा बाबा किंवा आई सहकर्जदार असतात, त्यांचाही स्कोअर पडतो. तुम्ही तिकडे मजेत आणि इकडे वसुलीचे फोन बाबांना! खातं बदलायच्या आधी लोनच्या शाखेत नवं मँडेट द्या, पहिला हप्ता कटेपर्यंत लक्ष ठेवा.

"मग सरळ बाबांच्याच खात्यात पाठवतो." घरखर्चाला खुशाल पाठवा, मीही पाठवतो. वडिलांना मुलाने दिलेल्या पैशावर टॅक्स लागत नाही. पण तो पैसा मग बाबांचा झाला. त्यांनी एफडी केली तर व्याज त्यांच्या उत्पन्नात धरलं जातं. बचत म्हणून साठवायचा असेल तर ही जागा नव्हे. त्यापेक्षा तुमच्या एनआरईवर बाबांना पॉवर ऑफ अटर्नी द्या, म्हणजे लाइट बिल, सोसायटीचा मेंटेनन्स ते भरतील.

पाठवताना "झिरो फी" वाचून हुरळू नका. समजा बाजारात युरो १०० रुपयांना आहे आणि तुम्हाला ९७ चा भाव दिला. हजार युरोंमागे ३,००० रुपये गेले, फी शून्यच! फी बघू नका, हातात किती रुपये पडणार तो आकडा दोन-तीन ठिकाणी ताडून बघा.

आणि हो, भारतातलं सिम. ओटीपी त्याच्यावरच येतो. सलग ९० दिवस वापर नसला तर नंबर बंद होऊ शकतो, मग खातं असून नसल्यासारखं. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या, रिचार्ज चालू ठेवा.

एनआरईवर एफडी करावी का, ते पुढच्या भागात. प्रश्न पाठवत राहा.