भरतीच्या दारात अडलेले पाणी

मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्या, म्हणजे पावसाचे पाणी समुद्राकडे नेणारे नाले, गटारे आणि भूमिगत वाहिन्या, ब्रिटिश काळात आखल्या गेल्या तेव्हा ताशी २५ मिलिमीटर पाऊस पडेल, त्यातले निम्मे पाणी जमीन पिऊन टाकेल आणि उरलेले ओहोटीबरोबर निघून जाईल, असा हिशेब मांडला गेला होता. सात बेटांमधल्या खाजणांवर भराव घालून वसलेल्या शहरात हा हिशेब चुकणारच होता. कारण मोकळी जमीन काँक्रिटखाली गेली आणि समुद्राची पातळी तर कधीच शहराच्या हातची नव्हती. वाहिन्या जिथे समुद्राला किंवा खाडीला मिळतात त्या तोंडांना पातमुखे म्हणतात. अशा १८६ पातमुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, आणखी १३५ भरतीरेषेच्या खाली येतात आणि भरतीच्या वर राहणारी अवघी सहा आहेत. त्यामुळे जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की पाण्याला दारच उरत नाही.

१९९३ साली तयार झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही अडचण ओळखून वाहिन्यांची क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी आणि भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे उभारावीत, असे सुचवले. मात्र त्याच्या अंमलबजावणीला वेग येण्यासाठी २६ जुलै २००५ उजाडावा लागला. त्या दिवशी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्यात, पाऊणशे मिलिमीटरही पाऊस नव्हता. शहरभर एकच सरासरी धरून आखणी करण्याची पद्धत किती भाबडी होती, हे या दोन आकड्यांवरून कळते. त्या पावसानंतर जलतज्ज्ञ माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, मिठी नदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर अशी उदंचन केंद्रे पुढच्या दशकात कार्यान्वित झाली.

या साऱ्या खटाटोपात पाण्याकडे मुख्यतः आकारमान म्हणून पाहिले गेले. ते किती लवकर बाहेर काढता येईल हा प्रश्न होता, ते कसे आहे हा नव्हता. कागदोपत्री मुंबईत मलवाहिन्या वेगळ्या आणि पर्जन्य जलवाहिन्या वेगळ्या असून त्यांची खातीही वेगळी आहेत, पण मलवाहिन्या न पोहोचलेल्या वस्त्यांचे सांडपाणी नाल्यातच उतरते आणि म्हणून पावसाळा सरल्यावर कोरडे पडायला हवेत ते नाले वर्षभर वाहत राहतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघून सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू म्हणजे जैव प्राणवायू मागणी. स्नानयोग्य पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमपर्यंत असावी असा दंडक असताना, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत मिठीच्या पवई ते धारावी पट्ट्यात ती २५० दाखवली आहे. नदी म्हणावे की गटार, हा प्रश्न या आकड्यापुढे केवळ नावापुरता उरतो.

दरवर्षी पावसाळ्यापूर्वी होणाऱ्या नालेसफाईत गाळाचे वजन मोजले जाते, त्यावर कंत्राटाची देयके आणि वादही ठरतात; त्या गाळात काय आहे याची चर्चा मात्र क्वचितच होते. पाणी नाल्यात येण्याआधीच जागच्या जागी मुरवण्याचा मार्ग धोरणाला अगदीच अपरिचित नव्हता, कारण मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींना पर्जन्यजल संधारण २००२ पासून बंधनकारक आहे. पण तो नियम पाणीटंचाईच्या काळजीतून आला आणि नाल्यांच्या आखणीशी त्याची सांगड बसली नाही.

परळजवळच्या बशीसारख्या खोलगट हिंदमाता परिसरासाठी अलीकडे बांधलेल्या भूमिगत टाक्या या दृष्टीने लक्षणीय आहेत, कारण पाणी लगेच हाकलण्याऐवजी भरती ओसरेपर्यंत थोपवून धरण्याचा विचार त्यांत आहे. साठवण झाली तरी शुद्धीकरण होत नाही, हे त्यांचे अपुरेपण आहे. उदंचन केंद्रांचेही तसेच: त्यांच्या जाळ्यांत प्लॅस्टिक आणि तरंगता कचरा अडकतो, तर पाण्यात मिसळलेले मैलापाणी आणि रस्त्यांवरून धुऊन आलेले तेल पंपांतून थेट अरबी समुद्रात जाते.