भीड आणि अभिप्राय

कोकणातल्या धामापूरचा तलाव विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांधला, असे सांगतात. त्याच्या काठावरील भगवतीची दंतकथा अशी की, लग्नकार्यासाठी ज्याला दागिने हवे असत त्याने फुलांचे दागिने गुंफून परडीतून पाण्यात सोडावेत, देवीने ते सोन्याचे करून द्यावेत, आणि कार्य उरकताच घेणाऱ्याने ते तलावास परत करावेत; परंतु कोणा एकाची नियत फिरली, दागिने घरीच राहिले, आणि तेव्हापासून तलावाचे देणे कायमचे बंद झाले.

वाचनमंडळातले पुस्तक मला अशाच उसन्या दागिन्यासारखे वाटते. चारचौघांनी एकच पुस्तक वाचावे आणि एकत्र बसून आपापले मत सांगावे, एवढाच तिथला रिवाज. पण पुस्तक मुदतीत परत करणारा सज्जनही मत मात्र घरीच ठेवतो, कारण लेखक आपल्या मुलखातला, शिफारस करणारा आपल्या नात्यातला, आणि भीड ही तर भिकेची बहीण!

ही भीड थोरांनाही सुटली नाही. आरवलीचे जयवंत दळवी ‘ललित’ मासिकात ग्रंथव्यवहाराची यथेच्छ थट्टा करीत, ती ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाने. व्यंगचित्रकार वसंत सरवटे यांनी चित्रात त्या ठणठणपाळाच्या हाती भलामोठा हातोडा दिला खरा, परंतु तो चालविणारा कोण, हे बराच काळ गुलदस्तातच राहिले.

टोपणनावाची सोय नसल्याने माझे दोन अभिप्राय उघडच नोंदवितो. दळव्यांच्या ‘सारे प्रवासी घडीचे’मधील माणसे मला शेजारच्या आळीत भेटल्यासारखी वाटतात आणि त्यांच्यावर हसता हसता घसा दाटून येतो; तथापि कथानकाचा धागा इतका सैल आहे की, पुस्तक मधूनच उघडले तरी फारसे बिघडत नाही. कुडाळात खाणावळ चालविलेल्या चिं. त्र्यं. खानोलकरांची १९६६ची ‘कोंडुरा’ ही कादंबरी याच्या अगदी उलट : तिच्यातील समुद्र, शाप आणि वरदान यांनी मला रात्रभर जागे ठेवले, मात्र तिच्या नायकावर, परशुरामतात्यांवर, नियतीचा अंमल एवढा कडक की, त्यांच्या पापपुण्याचा हिशेब त्यांच्याच नावावर मांडावा किंवा नाही, हा संशय अखेरपर्यंत फिटला नाही. आता या दोन्ही मतांत माझ्या कोकणीपणाचा वाटा किती, हे घाटावरच्या वाचकाने सांगावे. मंडळात चार निरनिराळी माणसे लागतात ती त्यासाठीच, कारण ज्या मतामागचे कारण सांगता येते त्याचेच खंडनही करता येते, आणि नुसत्या ‘छान आहे’पुढे प्रतिवाद्याचा निरुपाय होतो.

जाता जाता एक गोष्ट ध्यानात आली. दागिने ठेवून घेणाऱ्या त्या माणसाचे नाव, मी ऐकलेल्या दंतकथेत तरी, कोठेच येत नाही. आमच्याकडची भीड तलावाइतकीच जुनी असली पाहिजे.